पाहुणी म्हणून आलेल्या तीन पिवळ्या रोपांबाबत

प्रति,
मा. कृषी विस्तार अधिकारी,
पीक सल्ला कक्ष, क्वान्डोंगा,
ईस्टर्न केप, दक्षिण आफ्रिका.

अर्जदार : लुव्हो म्बेकेनी, व्यवसाय अर्जलेखन (टेबल गृह विभागाच्या कार्यालयाबाहेर, जिन्याच्या डाव्या हाताला).

विषय : घरात वाढवलेल्या गांजाच्या तीन कोवळ्या रोपांची पाने पिवळी पडण्याचे कारण शनिवारच्या आत ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयास दिलेली भेट, ज्या भेटीत सदर रोपे टोमॅटोची असल्याचे सांगण्यात आले होते.

महोदय,

विषयांकित रोपांपैकी सर्वांत थोरले रोप आज सकाळी मरण पावले. हे वाक्य अर्जदाराच्या हातून चुकून लिहिले गेले आहे. खाडाखोड केलेला अर्ज कोणतेही कार्यालय घेत नाही हे अर्जदारास धंद्यामुळे ठाऊक असल्याने ते तसेच ठेवले आहे. तरी ते वाचण्यात आलेले नाही असे समजावे. रोपे तीन आहेत. तिन्ही जिवंत आहेत. पुढील सर्व मजकूर त्याच समजुतीने वाचावा, ही विनंती.

१. प्रौढ माणसाला आपल्या घरात, आपल्यापुरता, लोकांच्या नजरेआड गांजा आता कायद्याने लावता येतो हे आपण जाणताच. परंतु सदर रोपे अर्जदाराची नाहीत. ती अर्जदाराचे प्रस्तावित सासरे, निवृत्त सार्जंट मटोन्गाना यांची आहेत. गाव त्यांना मानाने त्यांच्या कुळाच्या नावाने, म्हणजे राडेबे म्हणून हाक मारतो. राडेबे यांनी उभी नोकरी डोंगरातली गांजाची शेते उपटण्यात आणि जाळण्यात घालवली. त्या चढउतारात त्यांचे गुडघे गेले. आता त्या गुडघ्यांना चोळायला ते गांजाचेच तेल काढतात. यावर गावात कोणी हसत नाही. एकजण हसला होता. तो आता दुसऱ्या गावात राहतो.

२. राडेबे यांची कन्या अविवे आणि अर्जदार यांचे एकमेकांवर प्रेम आहे. थंडी सुरू होताना अर्जदाराचे धाकटे काका म्बुयिसेलो हे लोबोलाची, म्हणजे मुलीसाठी द्यायच्या गुरांची, बोलणी करायला राडेबे यांच्या फाटकावर गेले. रिवाजाप्रमाणे त्यांनी बाहेर उभे राहून त्या घराच्या कुळाची नावे खणखणीत आवाजात घेतली. रिवाजाप्रमाणे अर्जदार तेथे नव्हता. तो रस्त्यापलीकडच्या केशकर्तनालयात बसून आधीच कापलेले केस पुन्हा कापून घेत होता. बोलणी पुरी होईपर्यंत नवऱ्या मुलाने सासऱ्याशी एक अक्षर बोलायचे नाही, जे काही बोलायचे ते काकांनी बोलायचे, असा त्या घराचा कडक नियम आहे. ही बाब आपण कृपया ध्यानात ठेवावी, कारण अर्जदार याच नियमात अडकून मरणार आहे.

३. काका परत आले ते गुरांचा आकडा न घेता, बियर भरायच्या प्लास्टिकच्या पेटीत तीन कुंड्या घेऊन. राडेबे यांचा निरोप काकांनी जसाच्या तसा सांगितला, तो असा : "तुमच्या पोराला सांगा, मी गुडघा बदलून घ्यायला मथाथाला चाललोय. माझी पोर सांभाळीन म्हणतो ना? आधी ही तीन सांभाळून दाखव म्हणावं. ही तरी उलट बोलत नाहीत. मी येईन तेव्हा हिरवी दिसली, तर गुरांचं बोलू. नाही दिसली, तर फाटकावर येऊन घसा कोरडा करू नका." त्यावर काकांनी स्वतःचे मत जोडले : "गड्या, तुझ्या नशिबानं तो गाई पाळत नाही. गाय आजारी पडली की ओरडते तरी."

४. अर्जदाराने आपल्या भाड्याच्या खोलीत कपाटाचे खण काढून रोपांना जागा केली, वर दिवा टांगला, आणि स्वतःचे कपडे पलंगाखाली ठेवले. वीज कपातीत दिवा जाई तेव्हा अर्जदार मोबाईलचा उजेड धरून उभा राही. याचा रोपांना काही उपयोग होत नाही हे नंतर समजले. पहिले काही दिवस रोपे अशी वाढली की अर्जदाराला आपण बाप झाल्यासारखे वाटू लागले. मग थोरल्याचे सर्वांत खालचे पान पिवळे पडले. नंतर मधल्याचे. अर्जदाराने ते गळलेले पान उचलले आणि आधी दाराची कडी तपासली.

५. संदर्भीय भेट त्यानंतरची आहे. आपल्या खिडकीवर पिकाचे नाव विचारण्यात आले तेव्हा रांगेत अर्जदाराच्या मागे एक गणवेशातला हवालदार आपल्या मक्याची चौकशी करायला उभा होता. त्यामुळे अर्जदाराच्या तोंडून 'टोमॅटो' असे निघाले. आपण टोमॅटोबाबत दिलेला सल्ला अचूक होता आणि अर्जदाराने तो तंतोतंत पाळला. खताची मात्राही टोमॅटोचीच दिली. पानांची टोके करपली. यात आपल्या कार्यालयाचा काडीमात्र दोष नाही, दोष हवालदाराच्या मक्याचा आहे.

६. पुढे अविवे हिच्याशी फोनवर झालेले बोलणे अर्जदार येथे नमूद करतो, कारण निदानास त्याचा उपयोग होईल. ती मथाथाला वडिलांच्या उशाशी आहे व दवाखान्याच्या जिन्यात येऊन कुजबुजत बोलते.

"पिवळी पडली ती वरची का खालची?"

"खालची."

"शिरा हिरव्या राहिल्यात?"

"काहीच हिरवं राहिलं नाही, मीसुद्धा."

"नाटकं पुरे. एक तर उपाशी आहेत, नाहीतर बुडतायत. कुंडी उचलून बघ."

"जड आहे."

"मग पाणी कशाला घालतोस, शहाण्या?"

"देवाशप्पथ, आठवडाभर थेंब घातला नाही."

"लुव्हो, माझा एक फोटो तू कधी मागितला नाहीस. या पानांचे रोज पाठवतोस. आणि तरी ती मरतायत. माझं काय होणार रे तुझ्या घरी?"

अर्जदार त्यावर हसला. ती हसली नाही.

७. महोदय, खरी भीती येथून सुरू होते. आठवडाभर पाणी न घालता कुंड्या ओल्या कशा? अर्जदाराने खोलीच्या छतावर चढून पत्रा तपासला. आकाश कोरडे होते, पत्रा कोरडा होता, कुंड्यांखालची ताटली मात्र भरलेली होती. कोणीतरी खोलीत येते असे मानून अर्जदाराने कामावर जाताना उंबऱ्यावर पीठ पसरायला सुरुवात केली. संध्याकाळी पिठात फक्त स्वतःचीच पावले, जाणारी आणि येणारी. घरमालकीण बाईंनी ते पीठ पाहिले आणि भाडेकरू जादूटोणा करतो असे चर्चमध्ये सांगितले. त्या रविवारी अर्जदाराच्या दोन्ही बाजूंची बाके रिकामी राहिली.

८. याच सुमारास फोन वाजला. पडद्यावर राडेबे यांचे नाव होते. उचलून बोलावे तर नियम मोडतो. न उचलावे तर उद्धटपणा. अर्जदाराने उचलला आणि गप्प राहिला. पलीकडून आवाज आला : "तू बोलायचं नाहीस, मला ठाऊक आहे. मी विचारतो. हिरवी असतील तर एकदा खोक." अर्जदाराचा हेतू काय होता हे आता सांगता येणार नाही, कारण त्या क्षणी घशात खरोखरच काहीतरी अडकले व अर्जदार सलग खोकत राहिला. पलीकडे राडेबे यांनी तो सगळा खोकला ऐकून घेतला. "हं," ते म्हणाले, "शनिवारी सोडतायत मला. घरी नंतर जाईन. आधी तुझ्याकडे." त्यांनी उभ्या आयुष्यात अनेक कबुलीजबाब ऐकले आहेत. अर्जदाराच्या समजुतीप्रमाणे त्यात आणखी एकाची भर पडली.

९. कारण सापडले ते या मंगळवारी, आणि ते न सापडते तर बरे झाले असते. म्बुयिसेलो काका दर एक-दोन दिवसांनी रोपांची खबर घ्यायला येतात. ते आले की अर्जदार मागच्या चुलीवर चहा टाकायला जातो. मंगळवारी साखर विसरली म्हणून अर्जदार मध्येच खोलीत परतला. काका टोपी काढून कपाटापुढे उभे होते. हातात ज्वारीच्या घरगुती बियरचा डबा. एकेका कुंडीत ते हळूच धार सोडत होते आणि म्हणत होते, "राडेबे. त्या घरची लेकरं तुम्ही, आमच्या छपराखाली आलात. पहिला घोट तुमचा. आमच्या पोराचं तेवढं बघा." मातीला आंबट भाकरीसारखा वास येत होता. तो वास अर्जदाराला केव्हापासून येत होता, पण तो काकांचाच असल्याने शंका आली नव्हती.

अर्जदाराचे डोळे भरून आले. ते पाणी अर्जदाराने कुंडीत पडू दिले नाही.

१०. "काका, यानं ती मरतायत," एवढेच अर्जदार म्हणाला.

"मरतायत? अरे, त्यांच्या घरून आलेली आहेत. पाहुण्याला कोरडं बसवतात का? तुझ्या बापाच्या लग्नात याच हातानं ओतलं होतं. तेव्हा कोण मेलं?"

अर्जदाराचे वडील हयात नाहीत, परंतु ते पुष्कळ नंतर, खाणीत गेले. अर्जदाराने तसे नम्रपणे निदर्शनास आणले. ते आणायला नको होते.

काका डबा खाली ठेवून म्हणाले, "असं. म्हणजे माझ्या हाताला आता वास मारतो. मोठा झालास. टेबल टाकून बसतोस, लोक तुला साहेब म्हणतात. मग बोल की तूच राडेबेशी. माझी गरज काय?" त्यांनी टोपी घातली. दारात पुन्हा वळले, अर्जदाराला वाटले माफ करतील, पण ते रोपांना म्हणाले, "येतो, लेकरांनो," आणि गेले. त्याच संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर त्यांनी जाहीर केले की आपण या लग्नातून निवृत्त झालो आहोत. अर्जदार दोनदा त्यांच्या दारी जाऊन आला. काकूंनी आतून सांगितले की ते घरी नाहीत, आणि काकांनीही आतून तेच सांगितले.

११. अर्जदाराने त्यानंतर दोन रोपे कोरड्या मातीत हलवली व तिसऱ्याबाबत अर्जदारास काही सांगावयाचे नाही. सोबत एक पिवळे पान कागदाच्या घडीत जोडले आहे. तपासणीत ते हरवल्यास ते कधी जोडलेच नव्हते असे मानण्यास अर्जदार तयार आहे. अहवालात बियरचा उल्लेख मात्र येऊ नये. काकांनी जे केले ते मानाने केले, आणि राडेबे यांना ते कळले तर ते काकांचा मान राखणार नाहीत. रोगाच्या रकान्यात 'अतिपाहुणचार' असे लिहिता येत असल्यास उत्तम.

१२. परंतु अहवाल नुसता असून भागणार नाही. शनिवारी राडेबे नव्या गुडघ्याने अर्जदाराचा उंबरा ओलांडतील, कपाट उघडतील आणि विचारतील. अर्जदारास उत्तर देण्याची परवानगी नाही. उत्तर देणारा माणूस रुसून बसला आहे. अर्जदाराचे दुसरे काका केप टाऊनला असतात व लग्नाच्या बोलण्यांत रडतात. तिसऱ्या काकांना राडेबे यांनीच पूर्वी एकदा याच झाडांसकट पकडले होते. चौथे काका नाहीत. अविवे म्हणते, "बाबा रागावले तर मी पळून येईन," आणि मग लगेच म्हणते, "पण आईचं तोंड मला बघवणार नाही." अर्जदाराला पळून आलेली अविवे नको आहे. अर्जदाराला ती फाटकातून, सगळ्यांच्या देखत, तिच्या आईच्या आनंदाच्या आवाजासकट हवी आहे. यापलीकडे या अर्जात मागण्यासारखे काही नाही.

सबब विनंती की, आपले वय योग्य आहे, आपल्याला झाडांच्या मरणाविषयी शांत आवाजात बोलता येते, आणि राडेबे यांनी आजवर आपल्याला कधी अटक केलेली नाही. या तिन्ही बाबी विचारात घेऊन येत्या शनिवारपुरता, आपले मूळ काम सांभाळून, अर्जदाराच्या धाकट्या काकांच्या रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार आपण स्वीकारावा, टोपी घालून सकाळी नऊ वाजता अर्जदाराच्या दारात उभे राहावे, राडेबे येताना दिसताच त्यांच्या कुळाची नावे मोठ्याने घ्यावीत, आणि तसा लेखी आदेश शुक्रवारच्या टपालाने अर्जदारास निर्गमित करण्यात यावा.

आपला नम्र, आणि शनिवारी नियमानुसार रस्त्यापलीकडे बसलेला असेल असा,

(सही)
लुव्हो म्बेकेनी
क्वान्डोंगा, गुरुवार, १७ ऑगस्ट २०२३