डबा द्यायला गेले आणि केटली घेऊन आले

बाळा,

डबा विसरलास म्हणून दुपारी तुझ्या दुकानात आले होते. पिशवी काउंटरवर ठेवली, तर कॉम्प्युटरमधून डोकं न काढता तू म्हणालास, "काकू, पिशवी खाली घ्या. काय दाखवू?" मला वाटलं, लेक थट्टा करतोय. सगळे टीव्ही एकदम बोंबलत होते, त्यात मीही हसू दाबत म्हटलं, "केटली दाखवा."

केटलीमागोमाग तू कव्हर काढलंस, ती घासायचा ब्रश काढलास आणि वर तीन वर्षांची जादा वॉरंटी गळ्यात मारलीस. मी नको म्हटलं, तर म्हणालास, "घ्या हो, माझ्या आईलाही हेच घेऊन दिलंय." आता तरी हसेल म्हणून थांबले, तर तू मान वर न करताच बिलासाठी नाव विचारलंस. रागाच्या भरात मी मावशीचं सांगितलं. तेही मुकाट्यानं टाइप केलंस.

डबा तसाच परत आणलाय. फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा. मी मावशीकडे मुक्कामाला चाललेय.

आईला घेऊन दिलेली केटली मी घरभर शोधली, सापडली नाही. तुझी आई आली की तिला विचारून ठेव.

काकू