पिवळा हळदू

परतवाडा

कुलदीपदादा,

हे पत्र मी पोस्टात टाकनार नाही. तू जपानात तापानं वारला, हा फोन मलेच आला होता. बाबाले सांगाची हिंमत झाली नाही.

तिथं रंगीबेरंगी लाकडाच्या पट्ट्या जोडून नक्षी करायले शिकला अन् पहिली डबी तू घरी पाठवली. जन्मभर खिडक्या-दरवाजे करनारे बाबा ती गल्लीभर दाखवत फिरले. "रंग लावला नाही म्हनते पोरगा, लाकूडच तसं हाय!" मंग तुयासाठी तशीच डबी करायले बसले. सागवान, काळं शिसम, पिवळा हळदू. चिपकवत, कापत, पुन्हा जोडत. फोन आला त्या दिवशी मी चुलीपाशी तोंड दाबून रडून राहिली होती अन् ते बाहेरून विचारत होते, "आरती, त्याले पिवळा आवडन का वं?"

आवडन म्हनलं.

काल डबी झाली. "त्याचा पत्ता लिहून दे," म्हनले. माया हात चालेच ना. त्यायनं माया तोंडाकडे पाह्यलं अन् समजले. मंग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डबी पुसली, माया हातात देल्ली.

"त्याची राख येईन नं तिकून? यातच ठेवजो."

तुयी बहीन,
आरती