पमीसाठी वर्ग पाहणे आहे

रविवार, १० एप्रिल १९३८. धुळे.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत बंद पडली होती. दोष माझा नव्हता, दौत सांडली होती.

पमीला सुट्टी लागली. पोरगी सहा वर्षांची. बिगरीत पहिलीच आली असती, पण परीक्षेच्या दिवशी तिला झोप लागली. आता ती गल्लीत उंडारणार, आणि आखाजीचा सण जवळ आला की मंजुळा तिला घेऊन माहेरी फैजपूरला जाणार. महिनाभर मुक्काम. दरवर्षी हेच चालले आहे.

यंदा मी ठरवले आहे. मंजुळाने खुशाल जावे, पमी इथेच राहील आणि एखाद्या चांगल्या उन्हाळी वर्गाला जाईल. सकाळी जायचे, संध्याकाळी घरी यायचे. मुंबई-पुण्याकडे आता असेच करतात म्हणे. यात माझा काडीचा स्वार्थ नाही. गेल्या वर्षी पमी गेली तेव्हा मी जेवत नव्हतो, असे मंजुळा सगळ्यांना सांगत सुटते. मला तेव्हा पित्त झाले होते.

मंजुळाला निर्णय सांगितला. ती 'बरं' म्हणाली.

मंगळवार, १२ एप्रिल.

व्यायामशाळेत गेलो. वस्तादांनी मुलींसाठीही वर्ग काढला आहे. माणूस पुरोगामी, मिशा मात्र भीती वाटावी अशा. पमी थेट मल्लखांबाकडे गेली, सरसर चढली आणि वरच बसली. खाली ये म्हटले, तर म्हणाली इथून आपलं घर दिसतं. वस्ताद म्हणाले राहू द्या, कंटाळली की उतरेल. पण बापाचे काळीज. मी कोट काढला आणि चढलो. अर्ध्यावर धोतर अडकले. पमी माझ्या डोक्यावर पाय देऊन खाली उतरली. मला दोन पैलवानांनी काढले.

बुधवार, १३ एप्रिल.

कंबर धरली आहे. पडून लिहितो आहे. व्यायामाचा वर्ग बाद. सिस्टिममध्येच दोष आहे, मल्लखांबाला शिडी ठेवत नाहीत.

सोमवार, १८ एप्रिल.

राममंदिरात शास्त्रीबुवांचा पाठांतराचा वर्ग. हा उत्तम. पमीची स्मरणशक्ती माझ्यावर गेली आहे. बुवांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगितले, घरी रोज कानावर पडते ते म्हणून दाखवा. कोणी मनाचे श्लोक म्हटले, कोणी शुभंकरोति. पमी उठली, हात जोडले आणि मी कचेरीतून आल्यावर हेडक्लार्कबद्दल रोज जे बोलतो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाली. एक शब्द गाळला नाही. त्यांची चालही करून दाखवली. देवळात हेडक्लार्कच्या मातोश्री जपाला बसल्या होत्या. चालीवरून त्यांनी मुलाला ओळखले.

मंगळवार, १९ एप्रिल.

माझी बदली रेकॉर्डरूममध्ये. खिडकी नाही, पण उन्हाळ्यात गारवा असतो. एकंदर फायदाच झाला. पाठांतराने मुलांची विचारशक्ती मारली जाते असे माझे मत पूर्वीपासून होते.

शुक्रवार, २२ एप्रिल.

सापडला. लताबाई म्हणून एक मास्तरीण आहेत, पुण्याहून नवी पद्धत शिकून आल्या आहेत. त्यांच्या वर्गात मूल हवे ते करते, छडी नाही, दटावणे नाही. पमीने सकाळभर वाळू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतली आणि खूश झाली. घरी हेच केले की मंजुळा धपाटा घालते. पद्धतीपद्धतीचा फरक.

पहिलाच दिवस म्हणून मी खिडकीबाहेर थांबलो. पाणी प्यायली का, रडली का, एवढेच पाहायचे होते. रडली नाही. जरा तरी रडायला हरकत नव्हती.

सोमवार, २५ एप्रिल.

लताबाईंनी मला बाजूला बोलावले. पमी हुशार आहे, रमली आहे, काही तक्रार नाही, म्हणाल्या. तक्रार माझ्याबद्दल आहे. मी खिडकीतून हात हलवतो, त्यामुळे बाकीची मुले वाळू सोडून मलाच बघत बसतात. आज एकाने माझ्या टोपीत वाळू ओतली. उद्यापासून मी कचेरीत जावे, अशी त्यांची विनंती. मी तत्त्वाचा माणूस. जिथे बापाला किंमत नाही तिथे लेक ठेवणार नाही, असे सांगून पमीला घेऊन आलो. वाटेत पमी माझ्याशी बोलली नाही. उन्हाने असेल.

मंगळवार, २६ एप्रिल.

आता एकच मार्ग. वर्ग मीच काढतो. आपल्याच अंगणात, लिंबाच्या सावलीत. गाणी, गणित, थोडा भूगोल. कचेरीत रजेचा अर्ज टाकला, हेडक्लार्कने न वाचता मंजूर केला. पंचांग पाहिले. अक्षय्यतृतीया सोमवारी, साडेतीन मुहूर्तांतला एक. उद्घाटनाला याहून चांगला दिवस कोणता? गल्लीतल्या सगळ्या घरी जाऊन सांगितले, मुले पाठवा. सगळ्या बायका 'बरं' म्हणाल्या. प्रतिसाद अपेक्षेबाहेर.

शुक्रवार, २९ एप्रिल.

मेहुणा जीवराम सकाळीच मुऱ्हाळी म्हणून हजर, बहिणीला न्यायला. त्याला शांतपणे समजावले की पमी यंदा येणार नाही, तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. तो हसला. म्हणाला, "दाजी, काँग्रेस भरली ते आमच्या गावाले, धुळ्याले नाही. पोरगी तठी जे शिकीन ते अठी शिकायची नाही." हे तो इतक्या मोठ्याने बोलला की मला खिडकी लावून घ्यावी लागली. मी सरकारी नोकर.

मग मंजुळा म्हणाली, पमीलाच विचारा की. विचारले. पमी पहाटेपासून वेणी घालून ट्रंकेवर बसली होती. तिने बराच विचार केला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा वर्ग मी आल्यावर काढा."

टांगा गेला तेव्हा फार फुफाटा उडाला. डोळ्यांत गेला. अजून पाणी येते आहे.

रात्री जेवलो नाही. पित्त.

सोमवार, २ मे. अक्षय्यतृतीया.

वर्ग रद्द करणे शक्य नव्हते, शब्द दिलेला. शिवाय गल्लीतली मुले शिकताहेत हे कानावर गेले की पमी धावत परत येईल. पहाटे अंगण सारवले, चटया टाकल्या, दाराला तोरण बांधले. आठ वाजले, नऊ वाजले. एकही मूल नाही. घरोघर गेलो. कुठे कुलूप, कुठे नवरा चुलीपुढे धुरात खोकतो आहे. शेवटी शेजारच्या धुरपदाबाईंना गाठले. त्या सत्तरीच्या, माहेरी कोणी उरले नाही म्हणून गावात. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "आवो भाऊ, आखाजीले कोनती बाई सासरले ऱ्हास? बठ्ठ्या माहेरले ग्यात. पोरे बी ग्यात."

आखाजी म्हणजेच अक्षय्यतृतीया, हे मला माहीत नव्हते असे नाही. खानदेशात जन्म गेला. पण मुहूर्त काढताना माझ्यापुढे मुहूर्त होता, बायका नव्हत्या.

मंगळवार, ३ मे.

वर्गाचा दुसरा दिवस. धुरपदाबाई आल्या. मला वाटले चौकशीला. त्या म्हणाल्या, चटया रिकाम्याच आहेत तर बिबडे घालते. ज्वारीच्या पापडांनी सगळा वर्ग भरला. मला हातात काठी देऊन कावळे हाकायला बसवले आणि स्वतः निजायला गेल्या. कावळ्यांना अजिबात डिसिप्लिन नाही. दुपारी एक बिबडा मी खाल्ला, ओलाच. पमीला ओला बिबडा फार आवडतो.

बुधवार, ४ मे.

रजा शिल्लक आहे. फैजपूरला जाऊन पमीच्या प्रोग्रेसची तपासणी करावी म्हणतो. आठवण वगैरे काही नाही.

शुक्रवार, ६ मे. फैजपूर.

काल संध्याकाळी पोचलो. आखाजी सरली तरी वाड्यापुढच्या चिंचेला झोके तसेच आहेत. पमीने मला पाहिले, "बाबा आले" म्हणून ओरडली आणि झोक्यावरच राहिली. उतरेल म्हणून उभा राहिलो. मग ओसरीवर जाऊन बसलो.

जावई म्हणून खातिरदारी उत्तम. मी न कळवता आल्यामुळे सासूबाईंनी पुन्हा कढई चढवली. सासऱ्यांनी आपली बाज मला दिली. घर मात्र फार शांत. बायका डोक्यावर पदर घेऊन हळू आवाजात वावरतात. मला ही शिस्त आवडली. अजून चार दिवस राहायचा बेत आहे.

शनिवार, ७ मे.

दुपारी ओसरीवर पडलो होतो. पमी आली, शेजारी बसली. मला बरे वाटले. मग तिने विचारले, "बाबा, तुमी कवा जासान?" आठवड्यात भाषा पार बदलली. मला वाटले, हिला माझ्याबरोबर यायचे आहे. मी म्हणालो, एवढ्यात नाही, चार दिवस आहे. तिचे तोंड एवढेसे झाले.

मग तिने सगळे सांगितले. मी ओसरीवर असलो की आईला झोक्यावर बसता येत नाही. मावशीला गाणी म्हणता येत नाहीत, कारण गाण्यांत नवऱ्यांना नावे ठेवलेली असतात. आजोबा दोन रात्री जमिनीवर झोपले, त्यांचे गुडघे धरले. मला कोणी सांगायचे यावर सकाळपासून आत खलबत चालले होते. कोणाची हिंमत होईना. तेव्हा ती म्हणाली, मी सांगते, बाबा मला रागावत नाहीत.

खरे आहे, रागावत नाही. म्हणालो, अगं मी आजच निघणार होतो, कचेरीत फार काम आहे. तिने लगेच माझ्या वहाणा आणल्या आणि पायांपाशी सरळ करून ठेवल्या. गळ्यात पडली, तेही लिहून ठेवतो. घट्ट पडली होती.

सावदा स्टेशनला सोडायला सासऱ्यांचा सालदार वना बैलगाडी घेऊन आला. वेशीपर्यंत पोचलो नाही तोच मागे गाणे सुरू झाले. पहिलेच कडवे नवऱ्याच्या पोटावर होते. आवाज मंजुळाचा. लग्नाला आठ वर्षे झाली, तिला इतके चांगले गाता येते हे मला ठाऊक नव्हते. मागून पमी झील ओढत होती, तिचा सूर सगळ्यांच्या वर.

वनाला म्हटले, जरा गाडी थांबव, एक कडवे ऐकू. त्याने उलट बैलांना जोरात दामटले. म्हणाला, "नका थांबू, जावईबापू. तुमी दिसले त त्या पुन्हा गप बसतीन."