दिवाणखान्यातल्या समुद्राची व्यवस्था

जलाधिपती वरुणास आणि कुलदेवतेस वंदन करून मी, भटू उखर्डू वाणी, वय वर्षे शहात्तर, सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार जळगाव, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. बुद्धी स्थिर आहे. हात स्थिर नाही, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. त्यावरून माझ्या मनःस्थितीविषयी कोणी शंका काढू नये. मूत्रपिंडांनी काम सोडले असून डायलिसिसवर किती काळ निघेल हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारीत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्या एका वस्तूसाठी हे लिहावे लागत आहे ती घेण्यास कोणी तयारच नसल्यामुळे दडपणाचा प्रश्न उद्भवत नाही.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर माझी पत्नी पुष्पाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्या पश्चात ते मुलगा तेजस व मुलगी हेमांगी यांना समसमान मिळेल. यावर घरात कोणाचे दुमत नाही. सांगितले त्या क्षणी सर्वांनी माना डोलावल्या.

२. बँकेतील शिल्लक पुष्पाबाईची. तिचे दागिने मुळातच तिचे आहेत, ते देणारा मी कोण?

३. माझ्या सर्व पोथ्या आणि त्या ठेवायचा लाकडी चौरंग हेमांगीने धुळ्यास न्यावा. ती मोठ्याने वाचते आणि पान दुमडत नाही. तेजसला यातले काही नको आहे. त्याने तसे नम्रपणे सांगितले, म्हणून त्याच्याविषयी राग नाही.

४. आता ज्याची व्यवस्था लावता येत नाही ते लिहितो.

माझ्या दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीशी काचेची मोठी टाकी आहे. तीत खारे पाणी, खडक, जिवंत प्रवाळ, काही मासे, शंख, एक समुद्रफूल आणि ज्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत असे असंख्य जीव आहेत. येणारे जाणारे तिला फिशटँक म्हणतात. हेमांगी लहानपणापासून तिला समुद्र म्हणते आणि मीही मनातल्या मनात तेच म्हणतो.

नोकरीची पहिली बरीच वर्षे मी प्रवचनांतून समुद्रमंथन सांगत आलो, पण समुद्र पाहिला नव्हता. शाळेची सहल घेऊन कोकणात गेलो तेव्हा ओहोटीला खडकांच्या खळग्यात साचलेले पाणी पाहिले. हातभर पाण्यात केवढा संसार चालला होता. मुले खेळून दमली तरी मी तेथून उठेना. जळगावी परत आल्यावर काच आणली, पाइपच्या कारखान्यांतून उरलेले तुकडे मागून आणले आणि खालच्या पेटीत पाणी गाळून वर चढवणारी नळ्यांची रचना स्वतः बसवली. ती कितीदा उकलली आणि पुन्हा जोडली याची गणती नाही. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे नळकांडेही घरीच बनवले. विकतचे नंतर आले. आपल्याकडच्या मे महिन्यात ते पाणी थंड ठेवणे ही तपश्चर्याच आहे. पाणी थंड करणारे यंत्र खोली तापवते, खोलीसाठी कूलर लावावा तर हवा दमट होते, आणि वीज गेली की घरातल्या माणसांच्या आधी इन्व्हर्टर टाकीला मिळतो. पुष्पाबाईने हे सर्व सोसले. बोलून सोसले, पण सोसले.

हल्ली माझे रक्त यंत्रातून फिरून अंगात परत येते तेव्हा मला त्या खालच्या पेटीची आठवण होते. सिस्टरबाईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बाबा, हलू नका."

मनूच्या ओंजळीत आलेल्या लहानशा माशाची कथा मी अनेकदा सांगितली आहे. मासा वाढत गेला, राजा त्याला कलशातून तळ्यात आणि तळ्यातून नदीत नेत राहिला. शेवटी समुद्र होता म्हणून ती कथा पुढे गेली. जळगावात शेवटी काय आहे?

५. धाकटी बहीण वच्छलाबाई, राहणार शिंदखेडा, हिच्यासाठी देवघरातील गंगेचा रिकामा तांब्याचा गडू.

हे कलम तिला वाचून दाखवू नये. ती काशी करून आली त्या वर्षी यात्रेचे मावंदे, म्हणजे गंगापूजन आणि जेवण, आमच्या घरी झाले. त्या दिवशी फोडलेला गडू आमच्या वडिलांनी आणलेला होता. तोंड झाळून बंद केलेला तो गडू एका पिढीहून अधिक काळ देवघरात होता. पूजा झाली, तीर्थ वाटले, मी आत नैवेद्य दाखवीत होतो. बाहेर वच्छलाबाईने उरलेली गंगा मोठ्या भक्तिभावाने टाकीत ओतली, पाहुण्यांनी हात जोडले. तांबे माणसाला हितकर मानले जाते. कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना ते विष आहे. इतकी वर्षे तांब्यात राहिलेले पाणी. पंगत उठण्याआधी कोळंब्या आडव्या झाल्या. पुढच्या काही दिवसांत प्रवाळांची कातडी गळून पांढरी हाडे राहिली. मी पाणी बदलत राहिलो, विष शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पुरचुंड्या बदलत राहिलो. डाव्या कोपऱ्यात खडकाच्या आड एक प्रवाळ वाचले. आज टाकीत जे दिसते ते बहुतांशी त्या एकाचेच वाढलेले कुळ आहे. म्हणून दुसरे आणू असे कोणी मला म्हणू नये.

वच्छलाबाईला हे ठाऊक नाही. प्रत्येक फोनवर विचारते, "भाऊ, मासा बठ्ठा बरा शेतस ना? मी गंगा पाजेल शे त्यासले." सगळे बरे आहेत, असे मी सांगतो. गंगेने मारले हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही, आणि बहिणीने मारले हेही. इतकी वर्षे हा राग कोणावर धरावा हे मला ठरवता आलेले नाही. गडू तिला द्यावा.

६. टाकीसाठी मी कोणाकोणाला विचारले ते नमूद करतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणू नये की आम्हाला विचारले असते तर.

हेमांगीच्या सासरी एक दिवसाआड नळ येतो. तिने डोळे पुसले, त्यातच उत्तर आले.

माझे मित्र अय्युबभाई, नशिराबादचे कापडाचे व्यापारी, यांच्या दुकानात खाऱ्या पाण्याची लहान टाकी आहे. या छंदात जिल्ह्यात मला समजून घेणारा हा एकच माणूस. ते म्हणाले, "गुरुजी, मासे नेतो, प्रवाळाचे तुकडे नेतो. आखी टाकी नका देऊ. हसीनाबीनं सांगितलंय, गुरुजींकडून दुआ आणा, टाकी आणू नका." मी म्हटले, वहिनींचे बरोबर आहे. मग ते काचेशी वाकून कोणते तुकडे सुटतील ते पाहू लागले.

माझी टाकी जागची हलवताही येत नाही. प्रवाळ खडकाशी, खडक खडकाशी आणि काही ठिकाणी काचेशीही एकजीव झाले आहे. हाताला सुटेल तेवढे वाचेल. मुख्य खडक उचलला तर तो मोडेल आणि मोडला की मरेल.

तेजस पुण्याहून आला तेव्हा त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "नाना, मी आत्ता हो म्हणालो असतो. पण तुमच्यामागे दोन-तीन महिन्यांत मी ते बंद केलं असतं. तुम्हाला खोटं सांगून पाठवायचं मला जमणार नाही."

"मग काय करशील?"

"पाणी काढून टाकू. काच कुणाच्या तरी कामाला येईल."

अगस्त्य ऋषींनी समुद्र प्राशन केला ती कथा मी किती गावांतून रंगवून सांगितली. आतल्या जलचरांचे पुढे काय झाले, हे मी कधी सांगितले नाही आणि एकाही श्रोत्याने विचारले नाही.

टाकी जिवंत ठेवील त्यालाच घर, अशी अट घालावी असे मनात आले. वकीलबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, लिहायला मी लिहून देईन. पण अट मोडली तर दावा कोण लावणार? मासे?" पुष्पाबाईला तिच्याच घरात अटीवर ठेवणे मलाही बरे वाटले नाही. तो मसुदा फाडला.

पुष्पाबाईला मी सर्वांत शेवटी विचारले. संधिवाताने तिच्या हातून तांब्या उचलला जात नाही, मग पाण्याची बादली कुठून उचलणार? ती म्हणाली, "माले नही जमाव. तुम्हना बठ्ठा जलम त्या खारा पानीमा गया. आते मरताना तरी देवनं नाव ल्या, नहीतर पुढला जलम मासोयीनाच येई तुमले." हरणाच्या पाडसात जीव गुंतून हरीण झालेल्या भरत राजाची कथा तिने माझ्याच तोंडून ऐकलेली आहे. मी नाम घेतो. डोळे मिटतो, तर पाण्याची वाफ होऊन पातळी खाली गेलेली दिसते.

७. सबब पुढीलप्रमाणे व्यवस्था करीत आहे. सर्व मासे, सुटतील ते शंख आणि सुटेल तेवढे प्रवाळ अय्युबभाईंनी माझ्या हयातीतच न्यावे. उरलेली टाकी, तिच्या खालची पेटी, पंप, दिवे आणि तीत राहिलेले सर्व जीव माझ्या पश्चात तेजसकडे जातील. टाकी बंद करण्यापूर्वी ते सांभाळण्यास कोणी पुढे आल्यास तेजसने ते त्यास द्यावे. असा कोणी येईल असे मला वाटत नाही.

८. तेजस, हे कलम तुझ्यासाठी.

माझे दिवस झाले की बंद कर. दया येऊन लांबवू नकोस. हेळसांड होत चाललेली टाकी फार हळू मरते. सकाळी किंवा दुपारी बंद करू नकोस आणि हे काम कॉलनीच्या वॉचमनवर सोपवू नकोस. संध्याकाळची वेळ धर. रोजच्याप्रमाणे आधी पांढरा दिवा मालव. मग नुसता निळा राहू दे. निळ्या उजेडात प्रवाळ आपले हात आत घेऊ लागते, ते काचेशी गेल्यावर दिसेल. सगळे मिटून झाले की निळाही मालव. पंपाला त्यानंतर हात लाव. त्यांना ती नेहमीचीच रात्र वाटावी. मला त्यांच्यासाठी याहून अधिक काही करता आलेले नाही.

पुढे खोलीत थांबण्याची तुझ्यावर सक्ती नाही. तुझी आई मात्र समोर बसलेली असेल. ती रोज त्या वेळी तिथे बसते, विचारले तर कूलरच्या वाऱ्याला बसले म्हणते. तिला उठवू नकोस.

९. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी लिहून, पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष खाली सही केली आहे, आणि त्यांनी माझ्या समक्ष आपल्या सह्या केल्या आहेत. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही. शेजारच्या कुंदनने सही करण्यापूर्वी टाकी पाहून घेतली.

लिहून ठेवणार : भटू उखर्डू वाणी (सही)

साक्षीदार :
कुंदन मधुकर सोनार, शेजारी, जळगाव (सही)
शाहबाज रफिक मणियार, माजी विद्यार्थी, जळगाव (सही)

स्थळ : जळगाव
दिनांक : २१ एप्रिल २०२५