आप्पांच्या नावाचा जबडा

१४ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं चालतंय. माझा खोकला जुनाच. तू खोदकामावरून पाठवलेला जबडा पोचला. पेटी छान बांधली होतीस.

संग्रहालयात सगळे हुरळलेत. आखूड सोंडेच्या त्या टापिरांच्या चुलत घराण्यातला, पाला खाऊन जगलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वी निर्वंश झालेला प्राणी, आणि जबडा असा अखंड! शिवाय नव्या जातीला तू दिलेलं आप्पांचं नाव. आईनं तर गल्लीभर सांगून टाकलंय. साहेब म्हणाले, "बाई, वडिलांनी जन्मभर इथली हाडं घासली, आता त्यांच्या नावाचं हाड होतंय." मी हसले. काय करणार!

सोमवारी साफ करायला घेतला. दाढांपाशी ड्रिल लावलं तर नुसती दगडाची भुकटी. पुढच्या दातांपाशी आले आणि शी! केस जळाल्यासारखा वास. दगड झालेलं हाड असं घाणत नाही गं. आतून पिवळी चरबी पाझरली, बोटाला चिकटली. बेसिनवर जाऊन ओकले मी.

दाढांचा तुकडा अस्सल, पण पुढे हल्लीच मेलेल्या टापिराचं हाड उकळून, रंगवून जोडलंय. फोनवर तू म्हणालीस, खोदणाऱ्यांनी फसवलं असेल. सांध्यावर कानशीचे ओरखडे उलट्या बाजूनं तिरपे आहेत. आपल्यात डावखुरं कोण, हे तुला मी सांगू?

आप्पा भेगेतलं प्लॅस्टर मुद्दाम वेगळ्या रंगाचं ठेवायचे. डागडुजी डागडुजीसारखीच दिसली पाहिजे म्हणायचे. त्या माणसाच्या नावाला तू हे सडकं हाड चिकटवलंस? प्रेमापोटी केलंस, ठाऊक आहे मला. म्हणून तर जास्त किळस येते. चोरानं केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. काल सांधा सोडवला आणि दोन्ही तुकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. आप्पांचं नाव गेलं. हे कुणी जोडलं, ते शुक्रवारपर्यंत मी सांगायचंय. त्याआधी तू येऊन सांग. नाही आलीस तर मी सांगणार, उगाच आशेवर राहू नकोस.

आईला अजून पत्ता नाही. नाव जाहीर करायच्या कार्यक्रमासाठी तिनं चष्मासुद्धा नवा केलाय. तिला तूच सांगायचंस. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

आलीस की लगेच गळ्यात पडू नकोस. आधी हात धू.

तुझी, अजून तरी,
ताई