अडीच मणांचा नवस

बुऱ्हाणपूर,
मार्गशीर्ष, सन १९५७

रा. रा. देवरामभाऊ यांस,

गिरधरचा रामराम. तुकईथडला तुम्ही, वहिनी, बैल आणि केळीची बाग सगळे धडधाकट असाल असे धरून चालतो. (आमच्याकडे सध्या धडधाकट असा फक्त वखारीतला काटा आहे.) इकडची खुशाली लिहायला हात उचलत नाही, पण तुमच्या बहिणीची तक्रार तुमच्याकडे नाही करायची तर कोणाकडे करायची?

दिवाळीआधी मी कचेरीत खुर्चीवरून घसरलो, हे तुमच्या कानी आलेच असेल. राज्यांची नवी मांडणी झाल्यापासून आमचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जातात, आणि जे नागपूरने एकदा मंजूर केले तेच भोपाळ पुन्हा मागते, तेही हिंदीत. असा एक कागद तिसऱ्यांदा परत आला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, पारा वर चढताना पाहिला आणि सांगितले की ब्लडप्रेशर फार आहे. मीठ बंद, तूप बंद, आणि वजन वीस शेर तरी उतरले पाहिजे.

तेव्हापासून अर्धी भाकरी, अळणी पालेभाजी आणि अळणी ताक. घरात वांगी भाजली जातात, वास माझ्या वाट्याला येतो आणि भरीत सुरेश नि सूनबाई खातात. तुपातल्या दराब्याच्या मिठाईच्या दुकानावरून मी मान खाली घालून जातो. (दुकानदाराला वाटते माझी उधारी आहे.) एवढे सोसून पहिल्या महिन्यात वजन निम्म्यावर आले, म्हणजे वीस शेरांपैकी दहा उतरले. डॉक्टर खूश झाले. पुढच्या महिन्यात मात्र वखारीतला काटा तसूभर हलेना, उलट पारा चढला. मी चोरून खातो असा डॉक्टरांनी आळ घेतला. मी देवाची शपथ खाल्ली, आणि अळणी जेवणानंतर तीच काय ती चवीची लागली.

शेवटी सूनबाईने, निर्मलेने, सांगितले. तिच्या सासूबाई, म्हणजे तुमची बहीणच, माझ्या भाकरीच्या पापुद्र्यात लोणी भरत होत्या! मी धुरपदाला जाब विचारला, तर कळले की मी घसरलो त्या दिवशी तिने इच्छादेवीला माझ्या वजनाइतक्या गुळाची तुला बोलली होती. त्या दिवशी मी अडीच मण होतो. मी म्हटले, आता आहे तसा बसतो, देवी काय ओळखत नाही? पुजाऱ्यालाही विचारले, तो म्हणाला चालेल. तिचे उत्तर एकच: "नवस पुजाऱ्यानं नाही बोलला, म्या बोलला. देवीले अडीच मणाचा माणूस दाखवून वाचवून घेतला, आता कमी मापाचा कसा नेऊ?" म्हणजे डॉक्टरांनी उतरवायचे आणि हिने चढवायचे, आणि मी मधल्यामध्ये जीव मुठीत धरून बसायचे.

रागाच्या भरात मी ठरवले की निदान मीठ तरी मिळवायचे. परवा ती पाणी आणायला उठली तेव्हा तिच्या ताटातली भाजी मी झटकन तोंडात घातली. भाऊ, चोरी करून हाती आले तेही अळणीच निघाले. ती परत आली, माझे तोंड पाहिले आणि समजली. म्हणाली, "मीठ तर म्या त्याच दिवशी सोडलं. तुला झाल्याबिगर जिभेले लावनार नाही."

दोन महिने मी तिच्यासमोर अळणी जेवणाचे रडगाणे गायलो आणि तिने हूं की चूं केले नाही. मला फार लाज वाटली. त्यातच काल ती चुलीपुढे भोवळ येऊन बसली. डॉक्टरांनी तोच पट्टा तिच्या दंडाला बांधला. तिचा पारा वर यायलाच तयार नाही. तिने मीठ खाल्लेच पाहिजे म्हणतात. ती तुलेआधी खात नाही, अडीच मण झाल्याशिवाय तुला करत नाही, आणि अडीच मण झालो तर मी राहत नाही. आता भाऊ, मला खरोखर भीती वाटते, आणि ती माझ्या जिवाची नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गिरधर

ता. क. येत्या मंगळवारी गाडी घेऊन या आणि बागेतला चांगला दहा शेरांचा केळीचा घड आणा. तो मांडीवर घेऊन मी पारड्यात बसेन, म्हणजे माप पुरे होईल. हे देवीला चालते असे मात्र तुम्हीच सांगा. थोरल्या भावाचे ती ऐकते, नवऱ्याचे ऐकल्याचे मला आठवत नाही.

ता. क. दुसरा. वहिनींच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची बरणीही आणा. माझ्यासाठी नाही. तुला पार पडली की तिथेच, देवळाच्या पायरीवर बसून, तिने पहिली फोड खावी आणि मी नुसते बघावे, एवढीच इच्छा आहे. बरणी मात्र तिच्याच हातात द्या, आणि तोवर माझा हात धरून ठेवा.