पीरपंजालचा मधला थर

मुक्काम पीरपंजालचा पायथा, काश्मीर
ता. २ सप्टेंबर १८८७

तीर्थस्वरूप गं. भा. आक्काचे सेवेशी, विश्रामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दिवसभर चित्रं काढून बोटं वळत नाहीत. इथे नदीने एक उंच कडा कापून काढला आहे. खाली बर्फाने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा थर, वरही तसाच. मधे दोन हात काळी माती आणि तीत पानंच पानं. ज्यांच्यासाठी चित्रं काढतो ते सर्व्हेचे साहेब म्हणतात, दोन हिमयुगांच्या मधे इथे पुष्कळ काळ ऊब होती. आता इथे न उगवणारी झाडं तेव्हा वाढत होती. पान मातीतून काढलं की संध्याकाळपर्यंत तडकून भुगा होतो, म्हणून त्याच दिवशी कागदावर उतरवावं लागतं. हिवाळ्यात कडा ढासळेल म्हणतात. चार वर्षं झाली, आक्का. आता या थंडीचा वीट आला आहे. माझी मंदी शाळेत जाते ना?

तुझी माया अशीच राहू दे.
विश्राम

ठाणे, नौपाडा
ता. २० सप्टेंबर १८८७

चिरंजीव विश्राम यास आवडाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग मंदीला वाचून दाखवलं. पानं कोणत्या झाडाची, असं तिने विचारलं. ते तूच कळव. शाळेत जाते, दुसऱ्या पुस्तकात आहे ती. अक्षर तुझ्यासारखंच बारीक.

आता मुद्द्याचं. कल्याणच्या भाऊकाकांनी तिचं लग्न जमवलं आहे. वर बत्तीस वर्षांचा, पहिली बायको गेलेली. दिवाळीनंतर आठवड्याने कुंकू लावायचं म्हणतात. पोर आठ वर्षांची आहे रे! मी नको म्हटलं, तर बाप परमुलखात आणि तू विधवा, तुला कोण विचारतं, असं चारचौघांत बोलले. तिची आई गेल्यापासून मी तिला सांभाळते आहे, पण माझ्या शब्दाला वजन नाही. माझे गुडघे सुजलेत, भांडायची ताकद उरली नाही. तू ये. पत्र पाठवून भागणार नाही.

वाट पाहणारी तुझी,
आवडा

कल्याण, स्टेशनाजवळची धर्मशाळा
ता. २२ आक्टोबर १८८७

तीर्थस्वरूप आक्कास, विश्रामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी आलो. साहेबांनी रजा नाकारली होती. गेलास तर परत येऊ नकोस, असं स्पष्ट सांगितलं. दोन दिवस मी नुसता कड्यापाशी जाऊन बसत होतो. अर्ध्याहून अधिक पानं काढायची राहिली होती, आणि ती आता कुणी काढणार नाही. तिसऱ्या दिवशी कागद आणि रंग साहेबांच्या तंबूत ठेवले आणि चालू लागलो. डोंगर उतरताना मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर थांबलो असतो.

कुंकवाचा दिवस उद्याचा, म्हणून आधी भाऊकाकांकडेच गेलो. मुलगी त्या घरी द्यायची नाही आणि चार वर्षं तरी कुठेच द्यायची नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. मी बरं म्हटलं. वराकडे स्वतः जाऊन हात जोडले. त्या बिचाऱ्यांनी शब्द परत दिला. मग स्टेशनावर येईपर्यंत हीव भरलं. ताप उतरला की येतो. नोकरी गेली, आक्का, आणि मी फार थकलो आहे.

सांभाळून घे.
विश्राम

ठाणे, नौपाडा
ता. २३ आक्टोबर १८८७

चिरंजीव विश्राम यास आशीर्वाद.

पत्र वाचून मी देवापुढे बसून रडले, मग भात टाकला. या पत्राबरोबर शेजारच्या गंगुबाईच्या विठ्ठलला पाठवते आहे. त्याच्याबरोबर काढा आहे, तो घे. नोकरीचं नंतर बघू. मंदीच्या मास्तरांना विचारलं आहे, शाळेत नकाशे काढणारा माणूस त्यांना हवाच आहे.

एक आधीच सांगते, म्हणजे तुला लागणार नाही. मंदीला तुझा चेहरा आठवत नाही. तू गेलास तेव्हा ती चार वर्षांची. दारात आल्याबरोबर तिला जवळ ओढू नकोस. ती माझ्यामागे लपेल. ओसरीवर बस, पाणी पी, ती आपणहून येईल. सकाळपासून एकच विचारते आहे, बाबा परत कधी जाणार? मी म्हटलं, त्यांनाच विचार. तेव्हा तिला काय सांगायचं ते वाटेत ठरवून ये.

गाडीतून जपून उतर.
तुझी आक्का